आधी टेप नीट चालवा

इन्स्टाग्रामवर सध्या एका जातीच्या रील्स फार दिसतात. डाव्या अर्ध्या भागात नव्वदच्या दशकातलं लग्न, मुंग्या आलेलं, रंग ओघळलेले. उजव्या अर्ध्या भागात तेच लग्न लख्ख. मधली रेघ सरकत जाते आणि नवरीचा चेहरा इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत होतो. खाली लिहिलेलं असतं, जुन्या कॅसेट आणा, एआयने फोर-के करून घेऊन जा.

मला या प्रकाराचा राग येतो. राग एआयचा नाही, माझा पगार त्याच्याच आसपासच्या कामातून येतो. राग आहे तो पैसा, अक्कल आणि कौतुक चुकीच्या टोकाला ओतलं जातंय याचा. या दुकानांपैकी बहुतेकांकडे ग्राफिक कार्ड लाखाचं असतं आणि ज्या व्हीसीआरमध्ये तुमची कॅसेट घातली जाते तो भंगारातून उचललेला, पंचवीस वर्षांत एकदाही न उघडलेला असतो. तिथे वाकडं वाचलं गेलेलं चित्र पुढे कितीही महागड्या सॉफ्टवेअरमधून काढा, ते वाकडंच वाचलेलं राहतं. आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले याला जबाबदार आहोत. डेटा कुठल्यातरी खोक्यातून आपोआप येतो आणि खरं डोकं त्यानंतर लागतं, ही समजूत आमचीच.

तेव्हा ते खोकं जरा उघडूया. तुमच्यापैकी अनेकांनी चालू व्हीसीआर पाहिलेलाही नसेल, म्हणून थोडं सुरुवातीपासून.

ऑडिओ कॅसेटमध्ये टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते. आवाजाला तेवढं पुरतं. चित्राचा सिग्नल आवाजापेक्षा शेकडो पट वेगाने बदलतो, त्यामुळे हेड आणि टेप एकमेकांसमोरून सेकंदाला काही मीटर या वेगाने जायला लागतात. बीबीसीने पन्नासच्या दशकात सरळमार्गी उपाय केला. 'वेरा' नावाच्या त्यांच्या यंत्रात अर्धा इंची टेप सेकंदाला २०० इंच, म्हणजे सुमारे ५ मीटर वेगाने पळायची. अर्ध्या मीटरहून मोठ्या रिळावर जेमतेम पंधरा मिनिटांचा कार्यक्रम मावायचा. १९५८ मध्ये तिचं प्रात्यक्षिक झालं तोपर्यंत ती जुनी झाली होती, कारण अमेरिकेत अँपेक्सने १९५६ मध्येच दोन इंची टेपवर आडवी फिरणारी चार हेड बसवून दाखवली होती. टेप हळू, हेड जोरात. पण त्यात एकेका चित्राचे अनेक तुकडे व्हायचे आणि यंत्र कपाटाएवढं होतं.

हेलिकल स्कॅन ही त्यापुढची कल्पना. जर्मनीत टेलिफुंकेनच्या एडुआर्ड शुलर यांनी १९५३ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि १९५९ मध्ये तोशिबाच्या नोरिकाझू सावाझाकी यांनी तशा यंत्राचं प्रात्यक्षिक दाखवलं. कल्पना अशी: एक गोल ड्रम थोडा तिरका ठेवायचा, टेप त्याच्याभोवती अर्ध्याहून जरा जास्त गुंडाळायची आणि ड्रममधली हेड फिरवायची. टेप संथ सरकत राहते, हेड तिच्यावर तिरक्या रेघा मारत जातात. जपानमध्ये १९७६ साली बाजारात आलेल्या व्हीएचएसने हेच घराघरांत नेलं.

आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या व्हीएचएसचे आकडे बघा. ड्रमचा व्यास ६२ मिलीमीटर, सेकंदाला २५ फेरे, टेपचा वेग सेकंदाला २.३४ सेंटीमीटर. तीन तासांची कॅसेट म्हणजे सुमारे अडीचशे मीटर टेप. एका रेघेत एक फील्ड, म्हणजे अर्धी फ्रेम. ही रेघ साधारण ९७ मिलीमीटर लांब आणि ४९ मायक्रॉन रुंद, केसापेक्षाही बारीक. दोन रेघांमध्ये मोकळी जागा नाही, पहिली संपते तिथे दुसरी चिकटून सुरू.

हे प्रमाण डोक्यात बसत नाही, म्हणून ही रेघ सात मीटर रुंदीचा रस्ता आहे असं समजा. त्याची लांबी चौदा किलोमीटर होते. त्या पूर्ण रस्त्यावर हेडला मधोमध राहायचंय. पाच मायक्रॉन इकडे-तिकडे होणं म्हणजे चौदा किलोमीटरमध्ये कुठेतरी सत्तर सेंटीमीटर बाजूला जाणं. हे सेकंदाला पन्नास वेळा, सलग तीन तास. आणि ज्याच्यावर हा रस्ता आहे ती वस्तू म्हणजे वीसेक मायक्रॉन जाडीची प्लास्टिकची फीत, ताणली की लांबणारी, दमट हवेत फुगणारी.

मग हेडला रस्त्यावर ठेवतं कोण? कुठलीही चिप नाही. ड्रमच्या स्थिर खालच्या भागावर एक बारीक कोरलेली कडा असते, तिच्यावर टेपची खालची धार टेकते. ड्रमच्या आधी आणि नंतर एकेक गाइड रोलर असतो, त्याची उंची स्क्रूने बदलता येते. शेजारी तिरके खांब असतात, ते टेपला त्या कोनात वळवतात. येणाऱ्या रिळाजवळ एक छोटा दांडा असतो आणि त्याला जोडलेला फेल्टचा पट्टा रिळाला ब्रेक लावतो. टेप घट्ट झाली की दांडा ओढला जातो आणि ब्रेक सैलावतो, टेप सैल पडली की ब्रेक आवळतो. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपण जी फीडबॅक लूप काढून मार्क मिळवतो ती इथे एक स्प्रिंग, एक दांडा आणि फेल्टची पट्टी यांत बसवलेली आहे. शेवटी कॅपस्टन नावाचा गुळगुळीत दांडा आणि त्यावर दाबणारा रबरी पिंच रोलर टेपला पुढे ओढतात. टेपच्या खालच्या काठावर दर फ्रेमला एक खूण नोंदलेली असते, तिच्यावरून कॅपस्टनचा वेग जुळवला जातो.

या साखळीला टेप ट्रान्सपोर्ट म्हणतात. फेल्ट झिजला की ताण बदलतो, ताण बदलला की टेपची लांबी बदलते आणि चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला झुलतो. पिंच रोलरचं रबर कडक झालं की टेप वर किंवा खाली चढते आणि काठ दुमडतो. खालच्या काठावर त्या खुणा आहेत. तो काठ चुरगळला की पुढच्या वेळी चांगल्या यंत्रालाही वेग जुळवणं कठीण जातं. म्हणजे नादुरुस्त व्हीसीआर कॅसेट नुसती वाईट वाचत नाही, ती वाचताना खराबही करतो.

'ट्रॅकिंग'चं बटण घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. त्याने रेघ पुढेमागे सरकते, एवढंच. रेघ वाकडी वाचली जात असेल, म्हणजे सुरुवात बरोबर आणि शेवट शेजारच्या रेघेवर, तर बटण कितीही दाबा, मुंग्या फक्त स्क्रीनच्या खालून वर जातात. ते दुरुस्त करायला गाइड रोलरच्या स्क्रूला हात लावावा लागतो.

आता माझा स्वतःचा किस्सा. आमच्या आत्याच्या लग्नाची १९९३ ची कॅसेट आहे. माझी आजी ज्यात बोलताना दिसते असं ते एकमेव चित्रण. घरच्यांनी पुण्यातल्या एका दुकानात ती देऊन टाकली, तीन हजार रुपये घेऊन त्यांनी फोर-के फाइल दिली. फाइलमध्ये आजीला दोन्ही गालांवर सारखीच कातडी आहे. तिच्या उजव्या गालावर देवीचे व्रण होते. नथीचे मोती मधेच तीन होतात, मधेच चार. खालची पट्टी कापून टाकली होती, का ते विचारल्यावर 'तिथे नॉइज होता' असं उत्तर मिळालं. नॉइज होता कारण त्यांच्या यंत्रात रेघेचा शेवटचा तुकडा वाचलाच जात नव्हता.

मग ती कॅसेट मी एका निवृत्त टीव्ही मेकॅनिक काकांकडे नेली. त्यांनी आधी कॅसेट न घालता व्हीसीआर उघडला. टेप जिथून जाते ती प्रत्येक वस्तू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, पिंच रोलर बदलला, आणि मग हेडमधून येणारा कच्चा सिग्नल ऑसिलोस्कोपवर लावला. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट वाचली जात असेल तर पडद्यावर सरळ आयत दिसतो. आमच्या कॅसेटचा आयत उजवीकडे निमुळता होत मुळ्याच्या शेंड्यासारखा झाला होता. 'यंत्र आता ठीक आहे, कॅसेटच वाकडी भरलीय,' काका म्हणाले. लग्नात वापरला जाणारा खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा मोठा ड्रम बाळगू शकत नाही. त्यात दोन तृतीयांश व्यासाचा ड्रम असतो, टेप त्याला अर्ध्याऐवजी पाऊण फेरा गुंडाळली जाते, आणि तरीही रेघ अगदी तशीच उमटायला हवी असते. असा कॅमेरा सीझनभर मांडवामांडवांतून आदळत फिरला की त्याचे गाइड हलतात. काकांनी आपल्या यंत्राच्या बाहेर पडणाऱ्या गाइडच्या स्क्रूवर पांढऱ्या रंगाची खूण केली, तो अगदी किंचित फिरवला, आणि मुळा हळूहळू आयत झाला. कॅसेट उतरवून घेतल्यावर स्क्रू परत खुणेवर. सहाशे रुपये घेतले. फाइल साधी आहे, ७२० गुणिले ५७६, दाणेदार. गालावरचे व्रण दिसतात.

एआयने भरलेला गाल हा अंदाज आहे. सुंदर अंदाज असेल, पण हजारो परक्या चेहऱ्यांवरून काढलेला. ज्याला तो हवाय त्याने खुशाल घ्यावा, माझी तक्रार एवढीच की जो गाल टेपवर खरोखर होता तो वाचायचा प्रयत्न न करताच अंदाजाकडे उडी मारली जाते आणि वर कॅसेटही 'आता काय करायचीय' म्हणून कचऱ्यात जाते.

इथे आमच्या क्षेत्रातले मित्र म्हणतात, तू जुन्या जमान्यात आहेस, आता सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं. त्यांचं अर्धं बरोबर आहे. 'व्हीएचएस-डीकोड' नावाचा मुक्त प्रकल्प आहे. त्यात व्हीसीआरमधली जुनी इलेक्ट्रॉनिक्स पूर्ण बाजूला ठेवतात, हेडमधला कच्चा सिग्नल थेट नमुने घेऊन साठवतात आणि रंग, प्रकाश, वेळेची थरथर सगळं कोडमध्ये सोडवतात. मी ते चालवून पाहिलंय, अप्रतिम काम आहे. पण ते सुरू कुठून होतं ते पाहा. हेडपासून. हेड रेघेवर नसेल तर साठवायला कच्चा सिग्नलच नसतो. टेराबाइटभर शेजारच्या रेघेचा खरखराट गोळा करता येतो, बस.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. डिजिटल टेपला तरी हे लागू नाही ना? उलट तिथे जास्तच लागू आहे. २००० नंतरच्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्यात ड्रम २१.७ मिलीमीटरचा, मिनिटाला ९००० फेरे, आणि रेघ १० मायक्रॉनची, व्हीएचएसच्या पाचव्या हिश्शाची. लाँग प्ले लावलं की ६.६७ मायक्रॉन. त्या मोडमधली अनेक कॅसेट ज्या कॅमेऱ्यात भरली त्याच कॅमेऱ्यात नीट चालतात, दुसऱ्यात चौकोन चौकोन फुटतात. शून्य आणि एक शाबूत आहेत, तिथपर्यंत पोचायची वाट एकाच यंत्राला माहीत होती आणि ते यंत्र ओएलएक्सवर विकलं गेलं. त्या काळातली कितीतरी छोट्या गावांतली नाटकं, कीर्तनं, जत्रा, कामगारांच्या सभा फक्त अशा टेपांवर आहेत. फिल्मचा खर्च परवडणारे तिथे कधी गेलेच नव्हते.

ट्रान्सपोर्ट सुधारता येत नाही असं मात्र नाही, आणि इतिहासात ते झालेलंही आहे. अँपेक्सने १९७७ मध्ये प्रक्षेपणाच्या यंत्रांसाठी हेड स्वतःच वरखाली सरकून रेघ पकडेल अशी सोय केली. फिलिप्स आणि ग्रुंडिग यांनी १९७९ मध्ये व्हिडिओ २००० या घरगुती पद्धतीत तेच आणलं. पिझो पट्टीवर बसवलेलं हेड, ट्रॅकिंगचं बटणच नाही. बाजारात ती पद्धत हरली. व्हीएचएस स्वस्त पडत होतं, आणि आपण चाळीस वर्षांनी त्या स्वस्ताईचं बिल भरतोय.

प्रामाणिकपणे सांगायचं तर सॉफ्टवेअरने ट्रान्सपोर्टवर मात केल्याचंही एक उदाहरण आहे आणि ते मला फार आवडतं. एक्साबाइटने १९८७ मध्ये सोनीच्या आठ मिलीमीटर व्हिडिओची यंत्रणा उचलून तिच्यावर संगणकाचा डेटा भरायला सुरुवात केली. पुढे १९९९ मध्ये इक्रिक्स कंपनीने व्हीएक्सए आणलं. त्यात डेटा छोट्या पॅकेटमध्ये तोडून प्रत्येकाला पत्ता दिलेला. हेडने रेघ अचूक पकडायची गरजच नाही, मिळतील ती पॅकेट मिळतील त्या क्रमाने वाचायची, मेमरीत जुळवायची. इंटरनेटसारखं. पण हे जमलं कारण भरतानाच तसं भरलं होतं. आत्याचं लग्न तसं भरलेलं नाही.

तर मग आज कोण काय करतंय? व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. सुटे भाग मिळेनात हे एक कारण होतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रध्वनी संग्रहालयाने २०१५ च्या सुमारास टेपांसाठी २०२५ ही मुदत सांगितली होती, ती आता आपल्या मागे आहे. त्या इशाऱ्याचा रोख टेप कुजण्यावर जेवढा होता तेवढाच यंत्रं, सुटे भाग आणि ती जुळवणारी माणसं संपण्यावर होता. आपल्याकडे दमट हवेमुळे बुरशी हा वेगळा ताप आहे. एक बुरशीची कॅसेट घातली की ती व्हीसीआरमधून पुढच्या दहा कॅसेटना लागते. कोकणातून किंवा मुंबईतून कॅसेट आली की काका आधी खिडकीतून पारदर्शक भागावर टॉर्च मारून बघतात.

आणि दुसरीकडे आपली इंजिनिअरिंग कॉलेजं. शेवटच्या वर्षाला दरवर्षी तेच स्मार्ट डस्टबिन, तोच रेघेवरून चालणारा रोबो, आणि आता तोच चॅटबॉट. मला एक रेघेवरून चालणारा रोबो सुचवायचाय, रेघ ४९ मायक्रॉनची आहे.

जुना ड्रम तसाच ठेवायचा. हेडमधली फट मायक्रॉनपेक्षा लहान असते, ते कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होणार नाही. बाकी सगळं नवं करायचं. पिंच रोलर आणि कॅपस्टन काढून टाकायचे, दोन रिळांना दोन ब्रशलेस मोटर लावायच्या, ताण मोजायला दांड्यावर सेन्सर. ताण सांभाळत पातळ पट्टा पळवणं ही विद्या आपल्याकडे नवी नाही. वर्तमानपत्राच्या छापखान्यात कागदाचं रीळ असंच चालतं, इचलकरंजीत सूत गुंडाळणाऱ्या यंत्रांवर रोज हाच प्रश्न सुटतो. दोन्ही गाइडच्या स्क्रूला छोटी स्टेपर मोटर बसवायची. कच्चा सिग्नल नाहीतरी संगणकात घेतोच आहोत, त्यातून काकांचा तो आयत कोडनेच काढायचा आणि निमुळता दिसला की गाइड हलवायचा. दर कॅसेटला, जमल्यास कॅसेट चालू असतानाही. मशीन लर्निंगची ज्यांना फारच हौस आहे त्यांनी ती इथे भागवावी. हे सोपं नाही. टेप आणि ड्रम यांच्यामध्ये हवेचा जो पातळ थर असतो तोच विद्यार्थ्यांना एक सेमिस्टर रडवेल. पण मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरची मुलं एका टेबलाशी बसवणारा प्रकल्प म्हणून याच्याइतका चांगला मला दुसरा माहीत नाही, आणि काकांच्या वयाची माणसं आहेत तोवर तो करायला हवा.

तोपर्यंत, कॅसेट दुकानात देणार असाल तर आधी त्यांचं यंत्र बघायला मागा. शेवटचं कधी उघडलं, पिंच रोलर कधी बदलला, बुरशीची कॅसेट वेगळ्या डेकमध्ये लावता का, हे विचारा. उत्तरात ग्राफिक कार्डचं नाव आलं तर कॅसेट घेऊन घरी या. फाइल मिळाली तरी मूळ कॅसेट उभी, कोरड्या जागी ठेवा. एआयने सजवलेली फाइल हवी असेल तर न सजवलेलीही मागून घ्या, तिचे जास्त पैसे मागितले तरी. आणि माळ्यावर बंद पडलेला व्हीसीआर असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका. बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा रबरी पट्टा किंवा वीज पुरवठ्याचं सर्किट असतं, ड्रम आत धडधाकट असतो. जवळच्या एखाद्या मेकॅनिकला तो सुट्या भागांसाठी द्या. भंगारवाला त्याचं फक्त वजन करतो.